खुनी आधीच ओळखू येतो, मग वाचायचं काय?

प्रश्न : एकेकाळी मला रहस्यकथांचं वेड होतं. बाबूराव अर्नाळकर, सुहास शिरवळकर यांच्या पुस्तकांचा फडशा पाडत असे. मग नोकरी आणि संसारात वाचन सुटलं. आता पुन्हा सुरुवात करावी म्हणून हल्लीच्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्या आणते, पण एकही तडीस जात नाही. मुखपृष्ठावर 'थक्क करणारा शेवट' असं छापलेलं असतं आणि मला शंभर पानांतच खुनी कोण ते कळतं. नाही कळलं, तर शेवटी लेखकाने फसवल्यासारखं वाटतं, कारण जो खुनी निघतो त्याच्याबद्दल आधी धड काही सांगितलेलंच नसतं. घरात आजारी माणूस आहे. रात्री सगळं आवरल्यावर अर्धा-पाऊण तास काय तो माझा. फार रक्तपात, छळ, लहान मुलांचे हाल मला सोसत नाहीत, झोप उडते. खिळवून ठेवतील अशा आजच्या कादंबऱ्या सुचवाल का? आणि एक विचारायचं होतं. कंटाळा आला की मी शेवटची पानं आधी वाचून टाकते. हे चूक आहे का?

उत्तर : ताई, शंभर पानांत खुनी ओळखणाऱ्या वाचकाची वाचनाची सवय सुटलेली नसते. उलट तुमची नजर पूर्वीइतकीच तल्लख आहे आणि त्यामुळेच तुमची पंचाईत झाली आहे. 'थक्क करणारा शेवट' असं कोणी छापलं की आपण पहिल्या पानापासून पहारा ठेवतो. फार साधा दिसणारा नवरा, फार मदत करणारी शेजारीण, विनाकारण दोनदा उल्लेख झालेला पुतण्या, सगळ्यांवर संशय घेत सुटतो. सहा-सात पात्रांत प्रत्येकावर संशय घेतला की एक अंदाज बरोबर निघणारच. मग उरलेली पानं म्हणजे नुसती उत्तरपत्रिका तपासणं.

तुम्ही आजवर जी पुस्तकं आणलीत ती धक्क्यासाठी निवडलेली होती. धक्का एका पानाचा असतो, उत्कंठा तीनशे पानं टिकावी लागते. 'खून कोणी केला' हा एकच प्रश्न ज्या कादंबरीच्या हातात असतो, ती तुमच्यासारख्या वाचकापुढे लवकर उघडी पडते. म्हणून तुम्हाला अशी पुस्तकं हवीत जी दुसरंच काही विचारतात. हा असं का वागला? हे लपून राहील का? जो माणूस मला ही गोष्ट सांगतोय त्याच्यावर मी कितपत विश्वास ठेवू? या प्रश्नांची उत्तरं अंदाजाने मिळत नाहीत, त्यासाठी वाचतच जावं लागतं.

सुरुवात जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'पासून करा. मूळ जपानी पुस्तक 2005 सालचं, त्याला तिथला नाओकी हा साहित्य पुरस्कार मिळाला आणि 2011 मध्ये इंग्रजी भाषांतर आलं. यात खून कोणी केला ते पहिल्याच प्रकरणात तुमच्या डोळ्यांसमोर घडतं. यासुको नावाची बाई मुलीला घेऊन एका छोट्या फ्लॅटमध्ये राहते. तिला छळणारा घटस्फोटित नवरा एके संध्याकाळी दारात येऊन उभा राहतो, झटापट होते आणि त्यात तो मरतो. भिंतीपलीकडे राहणाऱ्या इशिगामी नावाच्या गणिताच्या शिक्षकाला आवाज ऐकू जातात. तो दार वाजवतो आणि सांगतो की पुढचं सगळं माझ्यावर सोडा. हा माणूस रोज ती काम करते त्या दुकानातून जेवणाचा डबा घेतो. तिच्यावर त्याचं मनापासून प्रेम आहे, पण तोंडातून अवाक्षर निघालेलं नाही.

म्हणजे खुनी माहीत, कारण माहीत, मदत करणाराही माहीत. तुम्हाला ओळखायला काही ठेवलेलंच नाही. तरीही पुस्तक खाली ठेवता येत नाही, कारण पोलिसांच्या मदतीला युकावा नावाचा भौतिकशास्त्रज्ञ येतो आणि तो निघतो इशिगामीचा कॉलेजमधला मित्र. त्याच्या लेखी इशिगामी म्हणजे त्याला भेटलेला सर्वांत बुद्धिमान माणूस. दोघांना एकमेकांबद्दल आदर आहे, जुना स्नेह आहे. एक झाकतो आहे, दुसऱ्याला हळूहळू दिसू लागलं आहे, आणि आपल्याला दोघांपैकी कोणीच हरायला नको असतं. वाचताना मला तर युकावाने आता तरी थांबावं असं वाटत राहतं, आणि सत्य कळल्याशिवाय आपल्यालाच राहवणार नाही हेही माहीत असतं.

या पुस्तकात एक जागा मुद्दाम हळू वाचा. इशिगामी पोलिसांना सहज बोलता बोलता सांगतो की मी परीक्षेत प्रश्न कसे काढतो. भूमितीचा वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात बीजगणितातल्या फंक्शनचा असतो, मुलं समजुतीच्या आहारी जाऊन फसतात. एका कंटाळलेल्या मास्तराच्या गप्पा म्हणून आपण ते वाचून पुढे जातो. पुस्तक संपल्यावर पुन्हा त्या पानावर या. तुम्ही म्हणता ना, की खुन्याबद्दल आधी काही सांगितलेलंच नसतं? इथे सगळं सांगितलेलं आहे, उजेडात, मोठ्या अक्षरात म्हणावं असं. (प्रेताचं वर्णन एक-दोन ठिकाणी येतं आणि पहिल्या प्रकरणात त्या मुलीला मार बसतो, एवढं ध्यानात ठेवा. लेखक त्यावर रेंगाळत नाही.)

फसवलं गेल्याची तुमची तक्रार मला अगदी रास्त वाटते, आणि ती फार जुनी आहे. 1929 मध्ये रोनाल्ड नॉक्स या ब्रिटिश धर्मगुरू-लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम लिहून काढले होते. त्यातले काही आज कालबाह्य झालेत, पण दोन अजून खणखणीत आहेत. एक म्हणजे गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असावा. दुसरा, गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही तिथल्या तिथे दाखवावा. बोलायला साधं, पण आज दर महिन्याला येणाऱ्या कित्येक थ्रिलरमध्ये हे पाळलेलं नसतं. शेवटच्या वीस पानांत कोणाची तरी विसरलेली बहीण, कोणाचं तरी मानसिक आजाराचं निदान किंवा एखादं पत्र अचानक उगवतं. तुम्हाला राग येतो तो याचा, आणि यायलाच हवा. लेखकाने आपली नजर दुसरीकडे वळवली तर आपण दाद देतो. त्याने पत्ताच खिशात ठेवला असेल तर दाद कशाची द्यायची?

प्रामाणिक हातचलाखी बघायची असेल तर अँथनी होरोविट्झ यांची 2016 ची 'मॅगपाय मर्डर्स' घ्या. सूझन रायलंड ही एका प्रकाशनसंस्थेतली संपादक. तिच्या हातात एका लोकप्रिय पण कटकट्या लेखकाचं नवं हस्तलिखित येतं. आपणही तिच्याबरोबर ते हस्तलिखित वाचतो : 1955 सालातलं इंग्लंडमधलं खेडं, हवेलीत झालेला मृत्यू, अ‍ॅटिकस प्युंट नावाचा गुप्तहेर. गोष्ट ऐन रंगात येते, प्युंट आता उलगडा करणार, आणि शेवटचा भागच गायब. तो शोधायला जावं तर लेखकच मेलेला. आता रहस्यं दोन, आतलं आणि बाहेरचं, आणि एकाचे धागे दुसऱ्यात गुंतलेले. लहानपणी शिरवळकर वाचताना तुम्ही जशा पान उलटायला उतावीळ असाल, तसाच उतावीळपणा हे पुस्तक परत आणतं असं मला वाटतं. पुस्तक जाडजूड आहे, पण आतली गोष्ट आणि बाहेरची गोष्ट सरळ वेगवेगळी केलेली असल्यामुळे रोज थोडं थोडं वाचलं तरी धागा सुटत नाही. हिंसाचार फारसा रंगवलेला नाही.

तिसरं पुस्तक लहानसं, आणि तुमच्या अर्ध्या तासाच्या मापाचं. नायजेरियाच्या ओयिंकान ब्रेथवेट यांची 'माय सिस्टर, द सीरिअल किलर' 2018 ची. बुकर पुरस्काराच्या पहिल्या यादीत 2019 साली होती. कोरेदे ही लागोस शहरातली नर्स, शिस्तीची, नीटनेटकी. तिची धाकटी बहीण अयूला देखणी, लाडावलेली. पुस्तक उघडताच अयूलाचा फोन येतो की तिने मित्राला मारलं. हा तिसरा. कोरेदे ब्लीच आणि हातमोजे घेऊन निघते, कारण घासूनपुसून जागा साफ करणं तिला येतं, आणि बहीण ती बहीणच.

नाव वाचून दचकू नका. रक्त सांडण्यापेक्षा ते पुसण्यातच ही लेखिका जास्त रमते. प्रकरणं इतकी छोटी की काही दीड-दोन पानांची. खरा पेच असा की कोरेदेचं ज्या डॉक्टरवर मन जडलंय त्याची नजर अयूलावर पडते. आता ती त्याला सावध करणार की बहिणीला सांभाळणार? तिला हे सगळं कोणाजवळ तरी बोलायचं असतं, म्हणून ती हॉस्पिटलमधल्या एका पेशंटच्या उशाशी बसून मन मोकळं करते. तो महिनोन्महिने कोमात आहे. हे वाचल्या वाचल्या तुमच्या मनात जी शंका आली असेल, तिच्यावरच पुढची बरीच पानं तोललेली आहेत. घरात आजारी माणसाचं करणाऱ्या बाईला कोरेदेचा थकवा आणि तिचा कर्तव्याचा काच इतरांपेक्षा लवकर कळेल असं मला वाटतं. एक सावधगिरी : या बहिणींचा बाप मारकुटा होता आणि त्या आठवणी अधूनमधून येतात.

त्यानंतर वाटलं तर ऑस्ट्रेलियन लेखिका जेन हार्पर यांची 'द ड्राय' (2016). दुष्काळाने होरपळलेलं शेतीवरचं गाव. एका शेतकऱ्याने बायकोला, मुलाला मारून स्वतःला संपवलं असं सगळे धरून चालले आहेत. तान्ही मुलगी मात्र जिवंत आहे. तिला का सोडलं? त्या शेतकऱ्याचा बालमित्र, आता शहरात पोलीस खात्यात आर्थिक गुन्हे बघणारा फॉक, अंत्यविधीला येतो आणि अडकतो, कारण वीस वर्षांपूर्वीच्या एका मृत्यूच्या संशयावरून याच गावाने त्याला हाकललं होतं. पाऊस न पडलेल्या गावात माणसं एकमेकांकडे कशी बघू लागतात ते हार्पर फार बारकाईने लिहितात. आटलेली नदी, मरणाला टेकलेली जनावरं, गुत्त्यातल्या नजरा. 2017 चा गोल्ड डॅगर हा ब्रिटनचा मानाचा पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. तरीही मी हे चौथं सांगतेय, कारण मेलेल्यांत एक लहान मुलगा आहे. त्याचं मरण पडद्याआड असलं तरी सावली पुस्तकभर आहे. मन घट्ट असेल त्या आठवड्यात घ्या, एरवी नको.

दिवस फार जड गेला असेल तेव्हासाठी रिचर्ड ऑस्मन यांची 'द थर्सडे मर्डर क्लब' (2020) हाताशी ठेवा. निवृत्तांच्या वसाहतीतले चौघे दर गुरुवारी जुनी न उलगडलेली प्रकरणं चिवडत बसतात आणि एक दिवस खरा खून दारात येतो. यातली जॉइस पूर्वी नर्स होती, तिची डायरी वाचताना चेहऱ्यावर हसू येतं आणि मध्येच घसा दाटतो, कारण म्हातारपण, विस्मरण, जोडीदाराचं आजारपण या गोष्टी लेखकाने वरवर हाताळलेल्या नाहीत.

काही गाजलेली नावं तुम्हाला कोणी ना कोणी सुचवेलच, म्हणून आधीच सांगते. स्टीग लार्सन यांची 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू' ताकदीची आहे, पण तिच्यातला लैंगिक अत्याचार रात्री एकटीने वाचण्यासारखा नाही, तुम्ही दूरच ठेवा. टाना फ्रेंच यांची 2007 ची 'इन द वूड्स' भाषेच्या दृष्टीने या सगळ्यांत मला उजवी वाटते. तीन मुलं जंगलात जातात, एकच सापडतो आणि त्याला काही आठवत नाही. पण तिथे बळी बारा वर्षांची मुलगी आहे आणि सगळ्या गाठी शेवटी सुटत नाहीत. सुटायलाच हव्यात अशी तुमची अपेक्षा असेल, तर चिडचिड होईल. अ‍ॅलेक्स मायकलिडीस यांची 'द सायलेंट पेशंट' (2019) वेगवान आहे, नवऱ्यावर पाच गोळ्या झाडून मग कायमची गप्प झालेली चित्रकार ही कल्पनाही जबरदस्त. पण तिचा बराचसा भार शेवटच्या वळणावर आहे, आणि तुम्ही नेमक्या त्याच वळणावर आधी जाऊन उभ्या राहाल. स्टुअर्ट टर्टन यांच्या 'द सेव्हन डेथ्स ऑफ एव्हलिन हार्डकासल'मध्ये एकच दिवस वेगवेगळ्या माणसांच्या शरीरांतून पुन्हा पुन्हा जगला जातो. सलग सुट्टी मिळाली तर जरूर वाचा, रोजच्या अर्ध्या तासात डोकं भणाणेल.

गिलियन फ्लिन यांच्या 'गॉन गर्ल'बद्दल (2012) मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. बहुतेक जण तिला 'धक्क्याचं पुस्तक' म्हणतात. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी बायको नाहीशी होते, एक प्रकरण नवऱ्याचं, एक तिच्या डायरीतलं, असं पुस्तक चालतं. पण मोठं वळण शेवटासाठी राखलेलं नाही, ते मध्यावरच येतं. आपला हुकमी पत्ता अर्ध्यातच टाकून द्यायची हिंमत लेखिकेत आहे, आणि त्यानंतरच पुस्तक खरं भयंकर होतं. नातं कसं कुजतं याचं ते निष्ठुर चित्रण आहे. मन प्रसन्न करणारं नाही, पण खुनी ओळखण्यात तरबेज असलेल्या वाचकालाही ते पुरून उरतं.

आता वाचण्याच्या सवयीबद्दल दोन गोष्टी. थ्रिलर लिहिणारे प्रकरणाच्या शेवटी गळ टाकून ठेवतात : दारावर थाप पडते, फोन वाजतो, कोणीतरी म्हणतं 'मला तुला काहीतरी सांगायचंय'. आपण 'एवढं प्रकरण संपवून झोपू' म्हणतो आणि नेमके त्या गळाला लागतो. म्हणून प्रकरण संपल्यावर थांबू नका, मध्येच थांबा, एखादा परिच्छेद शांतपणे संपतो तिथे. झोप येते आणि दुसऱ्या रात्री सूर लगेच लागतो. दुसरं, मागच्या कव्हरवरच्या पहिल्या दोन ओळींपलीकडे काही वाचू नका. आता माझ्यासकट सगळ्या शिफारशी करणारे थोडंफार सांगूनच टाकतात, पण मी वर जे सांगितलंय ते बहुतेक सुरुवातीच्या पानांतलंच आहे. जपानी नावांत गोंधळ होईल अशी भीती वाटत असेल तर पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने चार नावं आणि कोण कोणाचं ते लिहून ठेवा. 'सस्पेक्ट एक्स'ला तेवढी पुरतात.

आणि एखादं पुस्तक पन्नास पानांपर्यंत पकडत नसेल तर खुशाल सोडा. मात्र सोडण्याआधी स्वतःला एवढंच विचारा की यातल्या कोणा एका माणसाचं पुढे काय होईल याची मला काळजी वाटतेय का. वाटत असेल तर खुनी ओळखू आला तरी वाचत राहा. वाटत नसेल तर शेवट कितीही थक्क करणारा असो, तुमच्या अर्ध्या तासाची किंमत त्याहून जास्त आहे.

शेवटची पानं आधी वाचण्याबद्दल विचारलंत. चूक वगैरे काही नाही, पुस्तक तुमचं आहे. दिवसभर आजारी माणसाच्या बाबतीत 'पुढे काय होईल' याच टांगणीवर असणाऱ्या बाईला रात्री तरी शेवट माहीत असावासा वाटला, तर ते मी समजू शकते. ऑस्मनचा शेवट आधी बघितलात तरी माणसांची सोबत कमी होणार नाही. ब्रेथवेटचा बघितलात तरी कोरेदे तिथवर कशी पोचली हे उरतंच. होरोविट्झच्या पुस्तकात मात्र शेवट आधी वाचलात तर दोन्ही रहस्यं एकदम हातची जातील. आणि 'सस्पेक्ट एक्स'च्या बाबतीत मी हट्टच धरते. त्याची शेवटची काही पानं हवी तर रबरबँड लावून बांधून ठेवा. ती वाचाल त्या रात्री झोपायला थोडा उशीर होईल, तेवढी सवड काढा. त्यानंतर हिगाशिनो यांचीच 'मॅलिस' घ्या. तिच्यात पुस्तक निम्मंही होत नाही तोवर खुनी पकडला जातो, कबुलीही देतो, आणि कागा नावाचा पोलीस अधिकारी तरीही विचारत राहतो की याने हे का केलं. तिचा शेवट आधी वाचलात तर त्या 'का'चं उत्तरच हातचं जाईल, तेव्हा तिथेही धीर धरा.